हॉलमधला बास्केटबॉल, पडद्यावरचा बास्केटबॉल

२० मे १९९५. फिनिक्समध्ये एनबीएचा एक निर्णायक सामना ११०-११० वर अडला होता आणि घड्याळात सात सेकंद उरले होते. ह्यूस्टन रॉकेट्सच्या मारिओ एलीने कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका साधला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे बघत हवेत एक मुका फेकला. ह्यूस्टनने सामना ११५-११४ असा घेतला आणि पुढे विजेतेपदही पटकावलं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवेड्यांना हा मुका अजून आठवतो. डब्लिनच्या उत्तर भागात किलेस्टर नावाचं उपनगर आहे. तिथल्या जुन्या मंडळींच्या लेखी मात्र तो त्यांच्या माणसाने फेकलेला मुका आहे. कारण एनबीएची दारं उघडण्याआधी पोर्तुगाल, अर्जेंटिना असा पोटासाठी हिंडणारा एली काही काळ किलेस्टरच्या क्लबकडून खेळला होता. ज्याने आपल्या उपनगराच्या हॉलमध्ये घाम गाळला, तो एनबीएची तीन विजेतेपदं घेऊन निवृत्त झाला.

नोकरीनिमित्त डब्लिनला राहत असताना मी हा किस्सा इतक्यांदा ऐकला की पुढेपुढे सांगणाऱ्याच्या आधी मीच तो पुरा करायला लागले. आयर्लंडमध्ये बास्केटबॉलच्या नादी लागलेल्या माणसाला दोन खेळ सांभाळावे लागतात. एक हॉलमधला, हाताच्या अंतरावरचा. दुसरा पडद्यावरचा, अटलांटिकपलीकडचा. बास्केटबॉलवर टीव्हीसाठी बरंच काही झालं आहे. त्यातलं काय बघावं हे ठरवताना मी आता एकच कसोटी लावते : खेळाबरोबर गाव दिसतं का? या लेखातला आढावा त्याच कसोटीवर घेतला आहे, पण आधी ते गाव बघायला हवं.

बंदीच्या यादीत नसलेला खेळ

आयर्लंडमध्ये बास्केटबॉलची राष्ट्रीय संघटना १९४५ साली स्थापन झाली. सुरुवातीला हा खेळ रुजवण्यात लष्कराचा वाटा मोठा होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॅरिंगे अरीनात आयर्लंडचा संघ उतरला आणि सगळे सामने हरून परतला. पण देशात खेळ टिकला. त्यामागे एक मजेशीर कारण आहे. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग चालवणाऱ्या 'जीएए' या बलाढ्य संघटनेने आपल्या सभासदांना 'परक्या' खेळांची बंदी घातली होती. ती १९७१मध्ये उठली. तोवर सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट खेळणाऱ्यावर कारवाई व्हायची. या यादीत बास्केटबॉल नव्हता. त्यामुळे उन्हाळ्यात गेलिक फुटबॉल खेळणारा पोरगा हिवाळ्यात बिनधास्त हॉलमध्ये यायचा. डोक्यावरचा चेंडू उडी मारून पकडणं, हाताने पास देणं, गर्दीत अंग घालून जागा धरणं, हे दोन्ही खेळांत कामाला येतं. मेयो परगण्याचा लिअम मॅकहेल बॅलिनाकडून बास्केटबॉल खेळला आणि मेयोकडून गेलिक फुटबॉलही. केरीचा किरन डॉनही २००६मध्ये गेलिक फुटबॉलचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ट्रलीच्या बास्केटबॉल संघाचाही तो आधारस्तंभ होता.

सत्तरचं दशक संपता संपता किलार्नीच्या पॉडी ओ'कॉनरने अमेरिकेतून दोन खेळाडू आणवले आणि इतर क्लबांनी लगोलग तोच कित्ता गिरवला. प्रत्येक संघात दोन अमेरिकन असा रिवाज पडला. त्यांत बहुतेक काळे तरुण होते. अमेरिकेत कॉलेजसाठी खेळलेले, पण एनबीएत जागा न मिळालेले. आयर्लंडमधल्या गावांनी तोवर असा माणूस टीव्हीखेरीज कुठे पाहिला नव्हता. तो आता शेजारच्या घरात राहायला आला, शाळेतल्या मुलांना शिकवू लागला आणि शनिवारी रात्री हॉलमध्ये हवेत उडू लागला.

याचं सगळ्यात जोरदार रूप दिसलं कॉर्कमध्ये. ते दिवस वाईट होते. १९८३मध्ये डनलॉपचा कारखाना बंद झाला, पुढच्या वर्षी फोर्डचा आणि व्हेरोल्मची गोदीही गेली. घरटी कुणी ना कुणी बेकार होता, नाहीतर इंग्लंडची बोट पकडत होता. नेमक्या त्याच काळात, १९८५मध्ये, शहराच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत नेपच्यून क्लबने स्वतःचं बंदिस्त स्टेडियम उभं केलं. नेपच्यूनकडे टेरी स्ट्रिकलंड आणि रे स्मिथ, तर त्याच शहरातल्या ब्ल्यू डीमन्सकडे जॅस्पर मॅक्एलरॉय. या दोन संघांच्या सामन्याला तिकीट मिळवणं हा एक स्वतंत्र खेळ होता. संघांची नावंही पुरस्कर्त्यांसकट घेतली जायची : 'बर्गरलँड नेपच्यून', 'ब्रिटव्हिक ब्ल्यू डीमन्स'. किरन शॅनन या पत्रकाराने या काळावर २००९मध्ये 'हँगिंग फ्रॉम द राफ्टर्स' हे पुस्तक लिहिलं. छताच्या तुळयांना लोंबकळणारी गर्दी त्या नावातच दिसते.

हे भरतीचं पाणी ओसरलंही झपाट्याने. दोन-दोन परदेशी खेळाडूंचा खर्च क्लबांना झेपेना, पुरस्कर्ते पांगले, अमेरिकनांची संख्या कमी करावी लागली. १९९०च्या विश्वचषकात आयर्लंडचा फुटबॉल संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि सारा देश प्रशिक्षक जॅक चार्ल्टनच्या पोरांमागे वेडा झाला. त्यापाठोपाठ उपग्रह वाहिन्यांवर दर आठवड्याला इंग्लिश प्रीमियर लीग येऊ लागली. शनिवारी रात्री थंडीत हॉलकडे जाणाऱ्या पायांना घरातच सोफा मिळाला.

अँटेना, टेलिटेक्स्ट आणि जागरणं

आयर्लंडमध्ये टीव्ही काय दाखवतो हा भूगोलाचा प्रश्न होता. आरटीई ही सरकारी वाहिनी १९६१च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, तिची दुसरी वाहिनी १९७८मध्ये आली. पूर्व किनाऱ्यावरच्या डब्लिनकरांना वेल्स आणि उत्तर आयर्लंडकडून ब्रिटिश वाहिन्या फुकटात मिळायच्या, त्यामुळे त्यांच्या छपरांवर अँटेनांचं रान माजलेलं असे. दक्षिणेला आणि पश्चिमेला मात्र आरटीई देईल तेच बघायचं. मग लोकांनी डोंगरांवर विनापरवाना 'डिफ्लेक्टर' उभारून ब्रिटिश वाहिन्या गावात वळवल्या. सरकारने ते बंद पाडायचं मनावर घेतलं तेव्हा डोनेगलमध्ये टॉम गिल्डी नावाचे गृहस्थ याच एका मुद्द्यावर १९९७ची निवडणूक लढले आणि संसदेत निवडून गेले! दोन वाहिन्यांवर बालपण काढलेल्या आपल्या पिढीला त्या मतदारांचं दुःख समजावून सांगायला नको.

बास्केटबॉलच्या चाहत्याला या सगळ्यात चतकोर मिळायचा. राष्ट्रीय चषकाची अंतिम लढत आरटीईवर दिसे. एरवी शनिवार दुपारच्या 'स्पोर्ट्स स्टेडियम' कार्यक्रमात घोड्यांच्या शर्यतींमधून जागा उरली तर उरली. नव्वदच्या दशकात ब्रिटनच्या चॅनल फोरने एनबीए दाखवायला घेतलं आणि मायकेल जॉर्डन हा आयरिश घरातलाही देव झाला. ज्यांच्याकडे तीही सोय नव्हती ते आरटीईच्या टेलिटेक्स्टची पानं उलटत. त्या सेवेचं नाव एर्टेल. आपल्या मोबाइल कंपनीशी तिचा काही संबंध नाही. काळ्या पडद्यावर रंगीत आकडे उमटायचे. १९८७मध्ये सुरू झालेली ही सेवा २०२३पर्यंत चालली, तेव्हा ज्यांनी तिला निरोप दिला त्यांत क्रीडाप्रेमी बरेच असणार.

थेट सामना बघायचा तर वेळेचा जाच. न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना डब्लिनला रात्री साडेबाराला लागतो, कॅलिफोर्नियातला पहाटे साडेतीनला. पुण्यात हिवाळ्यात न्यूयॉर्कचा तोच सामना सकाळी सहाला, चहाबरोबर बघता येतो. आयरिश चाहत्याची झोपमोड बघून मला पहिल्यांदा आपल्या घड्याळाचा अभिमान वाटला.

काय बघावं

आता पडद्याकडे वळू. पहिला मान अर्थातच 'वी गॉट गेम' या आरटीईच्या माहितीपटाला. आयरिश बास्केटबॉलचा तो सुवर्णकाळ जुन्या चित्रफितींतून आणि त्यात खेळलेल्यांच्या तोंडून त्यात उभा राहतो. बॅलिनासारख्या छोट्या गावात आलेला अमेरिकन खेळाडू डिओरा मार्श तिथलाच कसा होऊन गेला, ही गोष्ट कुठल्याही अंतिम सामन्यापेक्षा मोठी वाटते. वर्णाबद्दलचं कुतूहल, अडाणी प्रश्न, माया, एकटेपण, सगळंच त्या काळात होतं. माझ्या कसोटीला हा माहितीपट पुरेपूर उतरतो. त्यात गुण कुणी किती केले हे लक्षात राहत नाही, हॉल राहतो.

त्याच्याच जोडीने 'हूप ड्रीम्स' बघावा. स्टीव्ह जेम्सचा हा १९९४चा चित्रपट मुळात अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीसाठी अर्ध्या तासाचा होणार होता. शिकागोतल्या विल्यम गेट्स आणि आर्थर अगी या दोन मुलांमागे कॅमेरा वर्षानुवर्षं फिरला आणि जवळजवळ तीन तासांचा ऐवज तयार झाला. एका कॅथलिक शाळेने दोघांना बास्केटबॉलसाठी घेतलं, पण फी थकल्यावर अगीला बाहेर काढलं. घरात वीज तोडली जाते तो प्रसंग आणि सामन्याचा प्रसंग दिग्दर्शक एकाच सुरात दाखवतो. ऑस्करच्या माहितीपट विभागात त्याला नामांकनसुद्धा मिळालं नाही आणि त्यावर एवढा गदारोळ झाला की तो वादही आता इतिहासाचा भाग आहे.

'द लास्ट डान्स' (२०२०) न बघितलेला क्रीडाप्रेमी विरळा. जॉर्डनच्या शिकागो बुल्सच्या १९९७-९८च्या हंगामाचं चित्रीकरण वीस वर्षं पडून होतं; जेसन हेहिरने त्यातून दहा भाग रचले. आयर्लंडमध्ये तेव्हा कडक टाळेबंदी होती, दर सोमवारी सकाळी दोन नवे भाग नेटफ्लिक्सवर यायचे. सगळ्या हॉलना कुलपं असताना एका देशाने जॉर्डनकडे बघून दिवस काढले. मालिका गुंगवून टाकते यात वाद नाही. मात्र निर्मितीत जॉर्डनच्याच कंपनीचा हात होता, आणि ते जाणवतं. त्याचे सहकारी त्याच्या सावलीतच राहतात. शिकागो शहर तर जवळपास दिसतच नाही. माझ्या कसोटीवर दहापैकी सहा.

'विनिंग टाइम' (२०२२-२३) ही एचबीओची मालिका लॉस एंजेलिस लेकर्सच्या ऐंशीच्या दशकातल्या दिमाखाची. चकचकीत, वाह्यात आणि मधूनच फार हुशार. लेकर्सचा माजी खेळाडू जेरी वेस्ट याला त्यात आपलं चित्रण इतकं खटकलं की त्याने ते मागे घेण्याची जाहीर मागणी केली. दोन हंगामांनंतर मालिका बंद पडली, तीही लेकर्स हरलेल्या १९८४च्या अंतिम फेरीवर, म्हणजे वरात मांडवात शिरण्याआधीच. इतिहास म्हणून बघू नये. करमणूक म्हणून जरूर.

'लास्ट चान्स यू : बास्केटबॉल'मध्ये ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजचा संघ आहे. जॉन मोझली हा प्रशिक्षक एकाच दमात ओरडतो, प्रार्थना करतो, मिठी मारतो. पहिल्या हंगामाचा शेवट कुणी लेखक लिहायला धजला नसता : २९ सामने जिंकून एकच हरलेला संघ राज्य विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना मार्च २०२०मध्ये करोनामुळे स्पर्धाच रद्द होते. मोठ्या लीगमध्ये जागा न मिळालेल्या मुलांची ही गोष्ट बघताना मला सारखे कॉर्क आणि बॅलिनाला आलेले ते अमेरिकन आठवत होते. तेही अशाच कुठल्यातरी कॉलेजच्या जिममधून निघाले असणार.

जुन्यांपैकी 'द व्हाइट शॅडो' (१९७८-८१) शोधून बघण्यासारखी. एक गोरा निवृत्त खेळाडू लॉस एंजेलिसच्या एका शाळेत मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो मुलांना शिकवायला येतो, एवढीच कल्पना. अमेरिकेत ती तीन हंगाम चालली. तुर्कस्तानात मात्र तिने कहर केला, तिथे बास्केटबॉलची लोकप्रियता वाढवण्याचं श्रेय आजही या मालिकेला दिलं जातं. टीव्ही खेळाला उतरती कळा लावू शकतो, तसा नव्या देशात पेरूही शकतो.

आणि थेट प्रक्षेपण? तिथे माझं मत टीजी-फोरला. आयरिश भाषेसाठी १९९६मध्ये सुरू झालेली ही छोटी वाहिनी. मोठ्या वाहिन्यांनी टाकून दिलेले खेळ तिने उचलले, आणि राष्ट्रीय चषकाच्या अंतिम लढतींचं प्रक्षेपण आयरिश भाषेतल्या समालोचनासह केलं. डब्लिनच्या टाला भागातल्या नॅशनल बास्केटबॉल अरीनात जानेवारीत या लढती होतात. पुरुष, महिला, कुमार, सगळ्यांच्या. भाषा कळली नाही तरी आवाजावरून चेंडू कुठे आहे ते समजतं.

हा अरीना १९९३मध्ये उघडला. नंतर त्याने वाईट दिवसही पाहिले. कर्जाच्या ओझ्यापायी २०१०च्या सुमारास संघटनेने देशाचे वरिष्ठ संघ उतरवणंच थांबवलं होतं. पॅट बर्क, डब्लिनमध्ये जन्मून लहानपणीच अमेरिकेला गेलेला आणि २००२मध्ये एनबीएत खेळलेला पहिला आयर्लंडजन्मा खेळाडू, ज्या संघासाठी खेळला तो संघच काही वर्षं अस्तित्वात नव्हता. ऑगस्ट २०२१मध्ये याच अरीनात आयर्लंडच्या पुरुषांनी युरोपातल्या छोट्या देशांची स्पर्धा जिंकली. मोठ्या जगाने दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. गावच्या हॉलमध्ये वाढलेल्यांना ते पुरेसं होतं.

तरीही एक हिशेब बाकी आहे. आयर्लंडच्या शाळांमध्ये मुली मोठ्या संख्येने बास्केटबॉल खेळतात. कॉन्व्हेंटच्या उघड्या, ओल्या मैदानांवर अनेकींनी पहिला चेंडू टाकला. ग्लॅनमायरसारख्या क्लबांनी महिलांच्या स्पर्धा गाजवल्या. पण आजवरच्या आठवणींचा कॅमेरा बहुतांशी पुरुषांच्या संघांभोवती आणि त्यांच्या अमेरिकनांभोवती फिरला आहे. एलीचा मुका मला तोंडपाठ करवणाऱ्यांपैकी एकानेही मला त्याच काळातल्या एखाद्या महिला खेळाडूचं नाव सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढचा माहितीपट त्या मुलींचा व्हावा. त्या आता साठीला पोहोचल्या आहेत. आठवणी ताज्या आहेत तोवर कॅमेरा लावलेला बरा.