खिद्रापूरचा चंद्र आणि छायाचित्राचा ताळेबंद

कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूर वसले आहे. भगवान आदिनाथांच्या प्राचीन मंदिरामुळे आपल्या समाजाला हे गाव परिचित आहेच. तेथील कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडपही तितकाच विख्यात आहे. या मंडपाच्या छतात सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळाकार गवाक्ष असून त्याच्या बरोबर खाली चंद्रशिला आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास पूर्णचंद्र या गवाक्षावर येतो. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून उत्तरेकडे असतो. त्यामुळे आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ माथ्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून, मी नातवासह तेथे गेलो. सेवानिवृत्तीनंतर कॅमेरा नुकताच हाती घेतला होता. पहिल्या चित्रात खांबांवरील नक्षी उमटली, पण चंद्राच्या जागी नुसता पांढरा डाग आला. दुसऱ्यात चंद्रावरील डाग स्पष्ट दिसले, पण मंडप काळोखात बुडाला.

कारण साधे आहे. चंद्र रात्री दिसत असला तरी तो उन्हात तापलेला खडकच. त्याच्यासाठी एफ ११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. चांदणे मात्र सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाख पटींनी मंद असते. चांदण्यातील दगड टिपण्यासाठी एफ ४ आणि आयएसओ ८०० ठेवूनही सुमारे अर्धा मिनिट लागतो. त्यासाठी तिपाई हवीच. शिवाय चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. ही दोन्ही खाती एकाच चित्रात जुळत नाहीत.

नातवाने ती संगणकावर जुळवली. दोन्ही चित्रे जोडताना त्याने चंद्र इतका मोठा केला, की सारे गवाक्ष भरून गेले. नातेवाइकांच्या गटात त्या चित्राचे भरभरून कौतुक झाले आणि मीही गप्प राहिलो. दोन दिवसांनी माझ्या ज्येष्ठ भगिनी, आमच्या अक्का, यांचा दूरध्वनी आला. "एवढा मोठा चंद्र या जन्मी एकदा तरी पाहायचाय रे. पुढच्या वर्षी मला ने." गुडघेदुखीमुळे अक्का उंबरठ्याबाहेर क्वचितच पडत.

त्या रात्री झोप लागली नाही. सारी नोकरी इतरांच्या नोंदी तपासण्यात गेली आणि घरात मात्र खोटी नोंद मी स्वतः चालू दिली होती. सकाळी अक्कांना खरे सांगितले. हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड पौर्णिमेचा चंद्र पुरता झाकला जातो, हेही सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मग लहानच पाहू. पण ने."

पुढच्या वर्षी चंद्रशिलेजवळ त्यांना खुर्चीवर बसवले. चंद्र गवाक्षात आला तेव्हा त्यांनी करंगळी वर धरून पाहिली आणि त्या हसल्या.

आज आमच्या दिवाणखान्यात दोन चित्रे शेजारीशेजारी लावली आहेत. एकात मंडप आहे, दुसऱ्यात चंद्र. प्रत्येकाखाली प्रकाशनाचा अवधी लिहिला आहे. चित्रे जोडण्यात मुळीच गैर नाही. मात्र तशी नोंद खाली अवश्य असावी, कारण आपले चित्र पाहून कोणीतरी प्रवासाला निघणार असते.