पिकाचे छायाचित्र आणि फ्लॅशचा उजेड

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर, छायाचित्रासह करावयाची पद्धत राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावरील ही नोंद कर्जास व नुकसानभरपाईस उपयोगी पडते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परांड्याकडील शेते पाण्याखाली गेली, तेव्हा अशा पुराव्याचे मोल सर्वांस कळलेच.

परंतु दिवसाची कामे उरकून तिन्हीसांजेस फ्लॅश लावून सोयाबीनचे छायाचित्र काढणारे पुष्कळ बंधू आमच्या पाहण्यात आहेत. हे हिताचे नव्हे. मोबाइलचा फ्लॅश पाच-सहा हातांपलीकडे फारसा पुरत नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. त्यामुळे जवळचे पान पांढरेफटक व मागील शेत काळेकुट्ट उमटते. ओले पान चकाकते. हवेतील धूळ व पावसाचे थेंब पांढरे ठिपके होऊन दिसतात.

सबब छायाचित्र दिवसा, सूर्य पाठीशी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून काढावे. अंधारात काढणे भागच पडल्यास भिंग पुसावे, फ्लॅशवर बोट येऊ देऊ नये, पिकापासून दोन पावलांवर उभे राहावे व ओल्या पानावर मोबाइल तिरका धरावा. उजाडताच पुन्हा एक छायाचित्र काढावे. पुरावा स्पष्ट असेल तरच तो कामी येतो.