मीटर शून्यावर

बर्लिनहून सुटलेली वेगवान गाडी तासाभरात वोल्फ्सबुर्गला लागते. स्टेशनाला लागूनच कालवा आणि पलीकडच्या काठावर चार उंच धुराडी. ती फोक्सवॅगनच्या वीजघराची. शेजारच्या ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात शिकणारा मेकॅनिकलचा एखादा पोरगा इथे यायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मात्र धुराडी नसतात. काचेचे दोन मनोरे असतात.

हे मनोरे ‘ऑटोश्टाट’मधले. हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनाचा मुहूर्त साधून १ जून २००० रोजी कंपनीने ही ‘गाड्यांची नगरी’ कारखान्याच्या दारातच उघडली. प्रत्येक मनोरा ४८ मीटर उंच, वीस मजल्यांचा, पोटात ४०० नव्या कोऱ्या गाड्या. तयार गाडी कारखान्यातून ७०० मीटरच्या भुयारातून आपोआप सरकत येते, मग यांत्रिक हात तिला उचलून वरच्या कप्प्यात ठेवतो. वाटेत कोणी ती चालवत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली पडते तेव्हा मीटरवर शून्य. आपल्याकडे हार-नारळ आणि चाकाखाली लिंबू; तिकडे हा लिफ्टचा सोहळा. कौतुक तेच, खर्च जरा जास्त.

पण कारखान्याचं मीटर काही शून्यावर नाही.

‘त्साइटहाउस’ या इथल्या संग्रहालयात एक सोनेरी बीटल उभी आहे. बंपरवर चमचमते खडे, एखाद्या वरातीला निघावी तशी. ही दहा लाखावी बीटल, ५ ऑगस्ट १९५५ची. त्याच्या सतरा वर्षं आधी, १९३८मध्ये, नाझी राजवटीने हे शहर आणि हा कारखाना याच गाडीसाठी वसवला होता. फर्डिनांड पोर्शेंच्या आराखड्याची गाडी, किंमत ९९० मार्क, आठवड्याला किमान पाच मार्कांचं तिकीट घेऊन वहीत चिकटवायचं. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी वह्या भरायला घेतल्या. त्यांतल्या एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध आलं, कारखाना लष्कराच्या कामाला जुंपला गेला. १९४५मध्ये ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट यांनी ढिगाऱ्यातून उत्पादन उभं केलं. ब्रिटिश लष्करी प्रशासनाने २० हजार गाड्यांची मागणी नोंदवली म्हणून कारखाना वाचला. शहराला ‘वोल्फ्सबुर्ग’ हे नावही त्याच वर्षीचं, गावातल्या जुन्या गढीवरून घेतलेलं.

कारखान्याचा पसारा साडेसहा चौरस किलोमीटर. पायी फिरणं अशक्यच, म्हणून पाहुण्यांना छोट्या जोडगाडीत बसवून नेतात. फोटोला बंदी, विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे बरंच, कारण मग डोळे कामाला लागतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या गुंडाळीतून तुकडे कापले जातात आणि डायमध्ये दाबून त्यांचे दरवाजे, छत, बॉनेट होतात. बॉडी शॉपमध्ये माणूस क्वचितच दिसतो. रोबोंचे हात वाकतात, स्पॉट वेल्डिंगची ठिणगी उडते, हात मागे जातात.

पुढे ती जागा येते, जिच्यासाठी यावं. वरून रंगवलेला सांगाडा लटकत येतो, खालून इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल एका पाटावर मांडून येतात. दोन्ही एकाखाली एक नेमके थांबतात, पाट वर उचलला जातो, बोल्ट आवळले जातात. जर्मन कामगार याला ‘होख्झाइट’ म्हणतात, म्हणजे लग्न. आपल्याकडच्या शॉपफ्लोअरवरही ‘मॅरेज’ हा शब्द ऐकू येतो. अंतरपाट तेवढा नाही, आणि मुहूर्त घड्याळाचा.

त्या घड्याळाला म्हणतात ‘टाक्ट’. पुण्यातला विद्यार्थी ‘टॅक्ट टाइम’ शिकतो तो टोयोटाच्या धड्यात. शब्द मात्र मूळचा जर्मन, संगीतातल्या तालाचा. गणित शाळकरी आहे. साडेसात तासांच्या पाळीत ४५० गाड्या हव्या असतील, तर प्रत्येक ठाण्यावर मिळतं एक मिनिट. पुस्तकात हा भागाकार असतो. इथे तो एका माणसाच्या खांद्यात, मनगटात दिसतो. वाकायचं, पान्याची टिकटिक ऐकायची, सरळ व्हायचं, पुढची गाडी. चाकणला याच कंपनीचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला, पोलो तिथे बनू लागली, तेव्हा हा तालही सोबत आला.

जेवणाच्या सुटीचा मेनूसुद्धा कारखान्याच्याच हिशेबात. १९७३पासून कंपनी स्वतःचं सॉसेज बनवते आणि त्याला सुट्या भागासारखा क्रमांक आहे : १९९ ३९८ ५०० ए. केचपचा क्रमांक तोच, शेवटी फक्त बी. सॉसेज न खाणाऱ्यानेही हे वहीत लिहून घ्यावं. नोंदीची शिस्त कुठवर जाते ते कळतं.

डिसेंबर २०२४मध्ये कंपनी आणि कामगार संघटनेत करार झाला. १९७४पासून इथे बनणारी गोल्फ २०२७पासून मेक्सिकोतल्या प्वेब्लाला हलवायची आणि जर्मनीत २०३०पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायच्या, कुणाला सक्तीने न काढता. ज्या कप्प्यांपुढे पाहुणे माना वर करून उभे राहतात, त्यांत उद्या कोणत्या गाड्या असतील, हा प्रश्न त्या करारामागे आहेच.

एक जागा जोडगाडीच्या वाटेवर नाही. कारखान्याच्या आवारातल्या एका जुन्या हवाईहल्ला-निवाऱ्यात १९९९मध्ये स्मृतिदालन उघडलं. युद्धकाळात इथे सक्तीने राबवलेल्या सुमारे २० हजार माणसांचं, त्यांत युद्धकैदी होते आणि छळछावण्यांतले बंदीही. ते पाहायचं तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. मग निवाऱ्याचं दार उघडतं आणि आत, जाड काँक्रीटच्या भिंतींमध्ये, पायी चालावं लागतं.