वेगात तापणारे इंजिन : दोष कोठे शोधावा?

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून निघालेली पिकअप गाडी गर्दीतून संथ जाते तोपर्यंत तापमानाचा काटा जागेवर असतो. पुणे-नाशिक हमरस्त्यावर वेग ताशी ७०-८० किलोमीटर झाला की तो चढू लागतो; वेग कमी केला की उतरतो. बाजाराची वेळ गाठण्यासाठी गाडी तशीच दामटली जाते, आणि वाटेत इंजिन बंद पडले तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचा भावही हातचा जातो.

गाडी तापली की प्रथम पंख्यावर संशय घेण्याची रीत आहे. परंतु पंख्याची खरी गरज गाडी उभी असताना वा मंद चालताना असते. वेगात रेडिएटरला समोरून आपोआपच पुरेसा वारा मिळतो. गर्दीत तापणारी व मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी असल्यास पंखा पाहावा. उलट प्रकार असल्यास पंखा बदलण्यात पैसा घालवू नये. वेगाबरोबर इंधन अधिक जळते व उष्णता वाढते. ती बाहेर टाकण्यास रेडिएटर अपुरा पडतो, हे त्याचे कारण होय.

रेडिएटर दोन्ही अंगांनी तुंबतो. शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत भुसा, कुसळे, कीटक व धूळ अडकते. वातानुकूलन असलेल्या गाडीत हा कचरा दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत साचतो व समोरून दिसत नाही. इंजिन निवल्यावर आतील बाजूने बाहेर, मंद धारेने पाणी मारावे. जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात.

आतून तुंबण्याचे कारण बहुधा पाणीच असते. ज्या क्षारयुक्त पाण्याने ठिबकच्या तोट्या बंद पडतात, त्याच पाण्याने रेडिएटरच्या अरुंद नळ्याही भरतात. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे उत्पादकाने सांगितलेले मिश्रणच वापरावे. कूपनलिकेचे पाणी केवळ अडचणीच्या प्रसंगी घालावे व नंतर काढून टाकावे.

खालच्या रबरी नळीकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. पाण्याचा पंप ह्या नळीतून पाणी ओढतो. नळी मऊ पडली असेल किंवा तिच्यातील तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल, तर वेगात ती चपटी होते व पाण्याची वाट अडते. इंजिन मंद होताच ती पूर्ववत फुगते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. गरम इंजिनचा वेग दुसऱ्याकडून वाढवून घेऊन, पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवून, नळीचे निरीक्षण करावे. पुष्कळ गाड्यांत पंप पट्ट्यावरच चालतो; तो घसरतो काय, हेही पाहावे.

थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तरीही हेच लक्षण दिसते. तो पाण्याच्या भांड्यात, तळाला टेकू न देता, तापमापकासह टांगून तापवावा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. तो कायमचा काढून टाकण्याची गॅरेजमधील सवय चुकीची आहे. काही इंजिनांत त्यामुळे गरम पाणी रेडिएटर टाळून परत फिरते.

झाकणाचा दाबही महत्त्वाचा आहे. दर चौरस इंचास १५ पौंड जादा दाब असता पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंशांवरून सुमारे १२० अंश सेल्सिअसवर जातो. सैल झाकणाने हा लाभ जातो. त्याच कारणाने गरम इंजिनचे झाकण उघडताच उकळते पाणी उसळून अंग भाजते. निवलेले इंजिन झाकण काढून सुरू करता पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय धरून गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी.

वाटेत काटा चढू लागल्यास वेग कमी करावा, वातानुकूलन बंद करावे व केबिनचा हीटर असल्यास पूर्ण चालू करावा. काटा लाल खुणेस पोचल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, आणि ते पुरते निवेपर्यंत झाकणास हात लावू नये.