देगलूरची सावली, माहूरची सावली

जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ष कार्यक्रमांनी भरलेले असते. जूनमध्ये प्रवेशोत्सव, जुलैत वृक्षारोपण, सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, डिसेंबरात गणित दिन, जानेवारीत तिळगूळ, फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिन. परिपत्रक येते, भाषणे होतात, फोटोसह अहवाल केंद्रप्रमुखांकडे जातो. यांतल्या काही तारखा सूर्याच्या वर्षातल्या महत्त्वाच्या तारखांना अगदी लागून आहेत, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. त्याचा फायदा घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या शाळांना मिळून एक मोठे मोजमाप करता येईल का, ते या लेखात पाहू. आम्ही विष्णुपुरीला असतो म्हणून आकडे इथले घेतले आहेत. लातूर-परभणीच्या शिक्षकांना आपापले आकडे काढणे अवघड नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी. दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो? पाचवीपासून दहावीपर्यंत कोणत्याही वर्गात विचारा, "डोक्यावर" हेच उत्तर येईल. शिक्षकांच्या खोलीतही फारसे वेगळे येणार नाही. प्रत्यक्षात विष्णुपुरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून फक्त दोन दिवस, १६ मेच्या आणि २७-२८ जुलैच्या सुमारास. आणि त्या दोन्ही दिवशी घड्याळात बारा वाजलेले नसतात. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर लावलेली आहेत. विष्णुपुरी त्या रेषेच्या सुमारे ५.२ अंश पश्चिमेला आहे आणि दर अंशाला सूर्य ४ मिनिटे घेतो, म्हणजे इथली मध्यान्ह सरासरीने २१ मिनिटे उशिरा होते. त्यात ऋतूनुसार काही मिनिटांची भर पडते किंवा घट होते.

शून्य सावलीचे हे दोन्ही दिवस शाळेच्या दृष्टीने गैरसोयीचेच. मे महिन्यात सुटी आणि जुलैअखेर आभाळ भरलेले. तरी जुलैत दुपारी साडेबाराच्या आसपास थोडी उघडीप मिळाली, तर मुलांना अंगणात उभे करून स्वतःची सावली शोधायला सांगावी. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला एक मीटर काठीची सावली दक्षिणेकडे साडेसात सेंमीच्या आसपास भरते. शाळा नुकतीच उघडलेली असते. मृगाने कृपा केली नसेल तर ऊनही असते. एवढ्यासाठी तरी पावसाला उशीर झालेला चालावा, असे शेतकऱ्यांच्या मुलांपुढे म्हणता मात्र येत नाही!

पावसाळ्यात सावलीऐवजी पाऊस मोजावा. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा, आणि दररोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजून डबा रिकामा करायचा. हवामान खात्याची नोंदीची वेळ हीच आहे. शाळा तेव्हा उघडलेली नसते, म्हणून हे काम शाळेशेजारी राहणाऱ्या मुलामुलींकडे द्यावे. मोठ्या तोंडाच्या डब्यात पाऊस जास्त भरेल ना, अशी शंका कोणी तरी काढतेच. दोन वेगवेगळे डबे शेजारी ठेवून तिचे उत्तर मुलांनीच शोधावे. बाटली कापून वापरायची असेल तर तिचा तळ सपाट नसतो, तेव्हा आधी एका रेघेपर्यंत पाणी भरून त्या रेघेपासून वर मोजावे.

एका शाळेचा आकडा हा नुसता आकडा असतो. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे आकडे नकाशावर मांडले की पाऊस कसा पडतो ते दिसू लागते. एका गावात ओढा वाहिला आणि तीन कोसांवरच्या गावात धूळही बसली नाही, हे आपण सगळे जाणतो. महसूल खात्याच्या हिशेबात मात्र एका मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, आणि नोंद होते मंडळातल्या पर्जन्यमापकावर. पुढे पंचनामे, मदत, त्यावरून होणारी भांडणे हे सारे मुले घरी ऐकतच असतात. मोजमाप कुठे केले याने उत्तर कसे बदलते, हे शिकवायला याहून जवळचा धडा मिळणार नाही. शाळेच्या डब्याची नोंद सरकार दरबारी चालत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

आता सावलीकडे वळू. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्या सकाळी ऊन असेल तर झेंड्याच्या खांबाची सावली आणि एक मीटर काठीची सावली एकाच वेळी मोजून खांबाची उंची काढता येते. समरूप त्रिकोणांचा हा सराव पुढे उपयोगी पडतो. त्यानंतर सहा दिवसांनी, २३ सप्टेंबरच्या आसपास, शरद संपात येतो. संपाताच्या दिवशी मध्यान्हीला सूर्य खस्वस्तिकापासून नेमका आपल्या अक्षांशाइतका कललेला असतो. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात बारा अंगुळांच्या शंकूची या दिवसाची मध्यान्ह छाया म्हणजे त्या गावाची 'पलभा'. विष्णुपुरीची पलभा चार अंगुळांहून किंचित जास्त येते. गावाचा अक्षांश एका काठीत साठवण्याची ही युक्ती फार सुंदर आहे.

मग जिल्ह्याचे मोजमाप संपाताला का करू नये? आधी कशासाठी मोजायचे ते पाहू. नांदेड जिल्हा दक्षिणोत्तर बराच लांब आहे. देगलूर सुमारे १८.५५ अंश उत्तर अक्षांशावर आणि माहूर सुमारे १९.८५ वर, म्हणजे १.३ अंशांचा फरक. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. तेव्हा त्याला मिळालेला कोनातला फरक ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग होता. आपला फरक बराच लहान आहे, पण त्याच्यापाशी दोनच ठिकाणे होती आणि आपल्यापाशी सोळा तालुक्यांतल्या शाळा आहेत.

संपाताची अडचण अशी की त्या दिवसांत सूर्याची क्रांती सर्वांत वेगाने बदलते, रोज जवळजवळ ०.४ अंश. एक मीटर काठीची मध्यान्ह छाया एका दिवसात पाऊण सेंमीने बदलते. देगलूर आणि माहूर यांच्या छायांत त्या दिवशी फरकच मुळी अडीच सेंमीचा. म्हणजे सर्व शाळांनी एकाच दिवशी मोजले पाहिजे, आणि सप्टेंबरातल्या आभाळाचा तर भरवसा नाही.

२२ डिसेंबरला हे सगळे प्रश्न सुटतात. त्या सुमारास सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला पोहोचून जणू थबकतो. आधीचे आणि नंतरचे तीन-चार दिवस सावलीत फरक पडतो तो एक-दोन मिलिमीटरचा. कोणाकडे २० तारखेला जमले, कोणाकडे २४ ला, तरी बिघडत नाही. आकाश बहुधा निरभ्र, शाळा पूर्ण वेळ, आणि सावली लांब. एक मीटर काठीची मध्यान्ह छाया देगलूरला ९० सेंमी, विष्णुपुरीला ९२ च्या जवळ आणि माहूरला ९४ सेंमीहून थोडी अधिक येते. दोन टोकांत सुमारे ४.२ सेंमी फरक, जो साध्या टेपनेही मोजता येतो. शिवाय २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस (१८८७), आणि २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. कार्यक्रम करायचाच असतो, मग तो अंगणात करावा.

कृती सोपी असली तरी काळजी घ्यावी लागते. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जमिनीचा उतार. शाळेचा व्हरांडा सपाट दिसतो, पण पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने त्याला मुद्दाम ढाळ दिलेला असतो. मीटरला एक सेंमी ढाळ म्हणजे अर्ध्या अंशाहून अधिक चूक, आणि आपण शोधतो आहोत तो फरक अवघा १.३ अंशांचा. म्हणून सावली ज्या फळीवर पाडायची ती गवंड्याच्या लेव्हलने दोन्ही दिशांनी तपासून घ्यावी, आणि काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. काठीची उंची फळीच्या पृष्ठभागापासून बरोबर एक मीटर हवी.

दुसरी अडचण सावलीच्या अस्पष्ट टोकाची. सूर्य हा बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाएवढी दिसते. त्यामुळे डिसेंबरात सावलीचे टोक दीड सेंमीहून जास्त रुंदीत विरत जाते. एक मूल एका ठिकाणी खूण करते, दुसरे दुसऱ्या. यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला जाड पुठ्ठा बसवून त्याला पेनाने पाडतो तसे बारीक, चार-पाच मिलिमीटरचे भोक पाडणे. पुठ्ठ्याच्या सावलीत सूर्याची छोटी लंबगोल प्रतिमा पडते, तिच्या मध्यावर खूण करावी. उंची मग भोकापासून धरायची आणि छाया भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. भोकातून सूर्याकडे कोणी डोळा लावणार नाही, याकडे मात्र शिक्षकांनी स्वतः लक्ष ठेवावे.

बारा वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी खूण करत जावे. विष्णुपुरीला सर्वांत आखूड सावली १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास मिळेल, किनवटला तीन-चार मिनिटे आधी. नेमकी वेळ मुलांना सांगू नये. खुणांची रांग जवळ येत येत पुन्हा दूर जाताना त्यांनाच दिसू द्यावी. वर दिलेले सेंमीचे आकडेही शिक्षकांसाठी आहेत. उत्तर आधी कळले की पट्टी आपोआप त्या उत्तरापाशी जाते, आणि एखाद्या शाळेचे वाचन वेगळे आले तर ते 'दुरुस्त' करून पाठवण्याचा मोह होतो. वेगळे आलेले वाचन तसेच पाठवावे. ढाळ, ओळंबा, टेप यांतले काय चुकले ते शोधण्यात निम्मे विज्ञान आहे.

पुढचे गणित दहावीच्या त्रिकोणमितीचे. छाया भागिले उंची हे स्पर्श गुणोत्तर. कोष्टकावरून ०.९०० साठी ४२.० अंश आणि ०.९४२ साठी ४३.३ अंश मिळतात. फरक १.३. आता देगलूर आणि माहूर यांतले अंतर हवे, तेही फक्त दक्षिणोत्तर. एस. टी.च्या रस्त्याने ते दोनशे किलोमीटरच्या आसपास भरेल, पण माहूर देगलूरच्या थोडे पूर्वेलाही आहे आणि रस्ता वळणावळणाचा. प्रमाण दिलेल्या नकाशावर दोन्ही गावांतून पूर्व-पश्चिम रेषा काढून त्यांमधले लंबांतर मोजले की सुमारे १४४ किमी येते. ३६० ला १.३ ने भागून १४४ ने गुणा : ३९,९०० किमीच्या जवळ. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००८ किमी आहे. प्रत्यक्षात इतके नेमके उत्तर क्वचितच येईल. दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात दहा टक्क्यांपर्यंत फरक सहज पडतो. हदगाव, बिलोली, मुखेड, कंधार इथल्या शाळांची वाचने अक्षांशाप्रमाणे आलेखावर मांडून मधून सरळ रेषा काढली, तर एकेका शाळेच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

हुशार विद्यार्थी इथे अडवतो : नकाशावरचे अंतर तरी कोणी मोजले? उत्तर आपल्याच वाटेवर आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या सर्वेक्षणातली मोठी दक्षिणोत्तर रेषा कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. बिदरजवळच्या दामरगिड्डा इथे १८१५ मध्ये साखळीने पायारेषा मोजली गेली आणि तिथून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकली. तो रेखांश ७७ अंश ४० कलांच्या आसपासचा. नकाशात पाहा, देगलूर आणि हदगाव दोन्ही त्या रेषेच्या जवळ आहेत. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले, पुढचे काम एव्हरेस्ट यांनी नेले. आपण सावलीने जो कोन मोजतो तोच त्यांनी ताऱ्यांवरून कितीतरी अधिक अचूकतेने मोजला होता.

काठी २२ डिसेंबरनंतर काढून ठेवू नये. १४ जानेवारीला तिळगूळ वाटून झाला की पुन्हा एकदा मोजावे. बहुतेकांच्या मनात असे पक्के असते की संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते आणि दिवस मोठा होऊ लागतो. विष्णुपुरीची सावली तोवर ९२ सेंमीवरून ८५ वर आलेली असते, म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच परतला. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने, मकर राशीच्या आरंभावरून ठरते. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलत असल्याने ऋतू आणि तारे यांची सांगड सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने सुटत जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकत्र येत असत. मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रेही ताऱ्यांवरच मोजलेली, म्हणून त्यांचाही ऋतूशी संबंध असाच सरकतो आहे. घरी आजीशी या विषयावर वाद घालायला मुलांना पाठवू नये. सण सणाच्या जागी आहे. वहीत दोन्ही तारखा आणि दोन्ही सावल्या शेजारी लिहून ठेवाव्यात.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला केंद्रातल्या सर्व शाळांचा तक्ता भिंतीवर लावता येईल, चुकलेल्या वाचनांसकट. त्यानंतर २०-२१ मार्चला वसंत संपात येतो, पण तोवर सकाळची शाळा सुरू झालेली असते. विष्णुपुरीची सर्वांत आखूड सावली त्या दिवशी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास पडते, आणि तेव्हा मुले घरी पोहोचलेली असतात. काठी, ओळंबा आणि पुठ्ठा आदल्या दिवशी दोघा-तिघांना घरी न्यायला द्यावा.