प्रौढवर्गातील व्यंगचित्र

राजकीय व्यंगचित्र निरक्षरालाही कळते, असा एक समज प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात रूढ आहे. अक्षरे थोडी, चेहरे परिचित. मग अडचण ती कसली? वस्तुतः चित्र दिसणे आणि चित्र वाचणे यांत केवढे अंतर असते, हे शंकर यांच्या १९४९ सालच्या एका चित्रावरून ध्यानात यावे.

संविधानरूपी गोगलगायीवर चाबूक घेऊन डॉ. आंबेडकर बसले आहेत. मागे पंडित नेहरूंनीही चाबूक उगारला आहे. भोवती जमाव आहे. हे चित्र २००६ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आले. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि त्यांपैकी प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोड झाली.

वाद होता तो नेहरूंच्या चाबकाचा. तो गोगलगायीवर उगारला आहे, की आंबेडकरांवर? ज्याच्या घराण्याने वेठ आणि मार सोसला, तो प्रौढ विद्यार्थी दुसरा अर्थ काढील. त्यास अडाणी ठरविण्याचा अधिकार शिक्षकास नाही. त्याच्या वाचनामागे अनुभव आहे. मात्र त्याच्यापुढे चित्रातील इतर खुणाही ठेवल्या पाहिजेत. आंबेडकरांच्या हातीही चाबूक आहे, तो कोणासाठी?

दुसरी अडचण भाषेची, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मंदगतीसाठी गोगलगाय हा संकेत मुळात इंग्रजी. आपण कासवगती म्हणतो. मराठी माणसास गोगलगाय दिसताच ‘पोटात पाय’ आठवतात, म्हणजे वरून गरीब आणि आतून कावेबाज. एखाद्याने ‘हे संविधान कपटी आहे, असे चित्रकारास म्हणायचे आहे’ असा अर्थ सांगितला, तर चूक त्याच्या बुद्धीची नव्हे; संकेत परका आहे.

म्हणून प्रथम केवळ जे दिसते ते वदवून घ्यावे, मत विचारू नये. नंतर सालाकडे वळावे. संविधानसभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली आणि संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. विलंबाचा आक्षेप त्या काळी घेतला जात होता, हे यावरून उमगते. चित्रकाराचा आक्षेप न्याय्य होता काय, हा प्रश्न अगदी शेवटी. पण तो टाळू मात्र नये. त्याचे उत्तर खुद्द आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले आहे. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाला तर संविधानासाठी नऊ वर्षे लागली होती. हे आकडे फळ्यावर लिहून पुन्हा चित्र दाखवावे. एरवी अबोल असणारे प्रौढ या टप्प्यावर चित्रकाराशीच वाद घालू लागतील, आणि तो त्यांना घालू द्यावा.

चित्र मात्र मोठे करून लावावे. गोगलगायीवरील नाव इंग्रजीत आहे. ते मराठीत लिहून दिल्यावाचून तासास आरंभ करू नये.