दुबईची पेढी आणि करसवलतीचा हिशेब

अलीकडे आपल्या व्यापारी मंडळींत चार जण एकत्र बसले की दुबईचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणाचा मुलगा तेथे पेढी काढून बसला आहे, कोणाचा पुतण्या काढण्याच्या तयारीत आहे. ‘तेथे कर नाही’ एवढे एकच वाक्य पुढे करून परवाना मिळवून देणारे मध्यस्थही आता आपल्या पेठांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. कायद्याचे पंडित नव्हे. तथापि स्नेह्यांच्या आग्रहावरून या विषयाचे कागद आम्ही वाचले, जाणत्या हिशेबतपासनिसांशी बोललो, आणि जे ध्यानी आले ते सभासद बंधू-भगिनींच्या विचारार्थ येथे मांडीत आहोत.

करापायी वखार हलविणे आपल्या लोकांना नवे नाही. आम्ही बेळगावकर तर सीमेवर राहणारे. विक्रीकराच्या काळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे. पण आपल्याच डेपोत पाठविला आणि ‘एफ’ फॉर्म मिळाला की तो लागत नसे. त्यामुळे व्यापाऱ्याला सोयीचे असो वा नसो, राज्याराज्यांत डेपो निघाले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि केवळ त्या फरकावर उभ्या असलेल्या वखारींचे प्रयोजनच संपले. ज्या वखारीला स्वतःचे गिऱ्हाईक होते ती मात्र टिकली.

आता दुबईकडे वळू. मध्यस्थांचे ते वाक्य एके काळी खरे होते. जबल अली बंदराशेजारचे मुक्त क्षेत्र 1985 साली स्थापन झाले. परकी माणसाला संपूर्ण मालकी आणि नफा मायदेशी नेण्याची मोकळीक, या दोन गोष्टींवर तेथे जगभरचे व्यापारी जमले. तेलकंपन्या व परदेशी बँका वगळता कंपन्यांच्या नफ्यावर त्या देशात कर असा नव्हताच. परंतु संयुक्त अरब अमिरातीने 2022 साली कंपनीकराचा कायदा केला आणि 1 जून 2023 पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना तो लागू झाला. 3,75,000 दिरहमपर्यंतच्या नफ्यावर, म्हणजे पाऊण कोटीहून काहीशा अधिक रुपयांवर, कर नाही. त्यापुढे शेकडा 9. मूल्यवर्धित कर तर 1 जानेवारी 2018 पासून शेकडा 5 आहेच.

मुक्त क्षेत्रातील पेढीला शून्य दर अद्याप मिळू शकतो, परंतु तो अटींचा आहे. उत्पन्न कायद्याने ठरविलेल्या प्रकारांतील असावे लागते. आपल्या कामाचा प्रकार म्हणजे ‘निर्दिष्ट क्षेत्रा’तून पुनर्विक्रेत्याला अथवा मालावर प्रक्रिया करणाऱ्याला माल विकणे. शिवाय व्यापाराच्या मानाने पुरेशी माणसे, जागा व खर्च तेथे दिसला पाहिजे, आणि हिशेब तपासून घेतलेले असले पाहिजेत. सवलतीबाहेरची उलाढाल एकूण उलाढालीच्या शेकडा 5 किंवा 50 लाख दिरहम, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्या वर गेली, की शून्य दराचा हक्क त्या वर्षापुरता आणि पुढील चार वर्षांपुरता जातो. एका वर्षाची चूक पाच वर्षे भोवते, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही मध्यस्थाच्या तोंडून ऐकावयास मिळाली नाही.

येथवर दुबईची बाजू झाली. खरी मेख आपल्याच देशाच्या कायद्यात आहे. परदेशी नोंदलेली कंपनी असली तरी तिचा एकूण कारभार चालविणारे महत्त्वाचे निर्णय वस्तुतः जेथे घेतले जातात, तेथली ती रहिवासी मानावी, हे तत्त्व आपल्या आयकर कायद्यात 2017-18 या करआकारणी वर्षापासून अमलात आले. संचालकांची सभा दुबईत भरली आणि भाव मात्र रविवार पेठेतल्या गादीवरून फोनने ठरला, तर कंपनी येथलीच ठरू शकते. गंमत अशी की ती येथली ठरूनही दर तिला परदेशी कंपनीचाच लागतो. तो पूर्वी शेकडा 40 होता, 2024 च्या अंदाजपत्रकाने 35 केला, अधिभार निराळा. देशी कंपनी 2019 पासून शेकडा 22 चा दर निवडू शकते. शून्याच्या शोधात निघालेला मनुष्य अशा रीतीने पस्तिसावर येऊन पोहोचतो.

वर्षाला 50 कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना हा नियम लावू नये, असे प्रत्यक्ष कर मंडळाने 2017 साली परिपत्रक काढून सांगितले. कापड किंवा औषधांच्या व्यापाऱ्याला ही मर्यादा ऐसपैस वाटेल. धान्याचे तसे नाही. मसूर किंवा तूर किलोस 60 रुपये धरली तर 50 कोटी म्हणजे सुमारे 8,300 टन. महिन्याला अठ्ठावीस-तीस कंटेनर. आयातीच्या धंद्यात एवढा माल फार नव्हे. आणि त्यावर नफा शेकडा दीड धरला तर 75 लाख रुपये.

आपल्यांतील बहुसंख्य पेढ्या भागीदारीच्या आहेत, म्हणून हिशेब त्यांच्याच उदाहरणाने पाहू. येथील भागीदारी पेढी या 75 लाखांवर उपकरासह शेकडा 31.2 दराने 23 लाख 40 हजार कर भरते. त्यानंतर भागीदाराच्या हाती आलेल्या नफ्याच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. हाच नफा दुबईच्या कंपनीत शून्य दराने राहिला आणि पुढे लाभांश म्हणून येथील रहिवासी मालकाकडे आला, तर त्याच्या व्यक्तिगत दराने कर लागतो, आणि वरच्या टप्प्यात तोही शेकडा 31.2 च, क्वचित अधिभाराने जास्तच. म्हणजे तो कर वाचला नाही, पुढे ढकलला गेला. त्यातून परवाना, भाडे, पगार व लेखापरीक्षण वजा जाता काय उरते ते ज्याचे त्याने पाहावे.

यावर कोणी म्हणेल की दुबईच्या पेढीने येथील पेढीला माल चढ्या भावाने विकावा. असल्या सूचनेला आमची स्पष्ट हरकत आहे. एकाच घरच्या दोन पेढ्यांतील आंतरदेशीय व्यवहार परक्याशी होईल त्याच भावाने व्हावा, हा नियम आपल्याकडे 2001 पासून आहे आणि त्याचा हिशेबतपासनिसाचा अहवाल सादर करावा लागतो. परदेशातील मालमत्ता विवरणपत्रात लपविली तर 2015 चा काळ्या पैशाचा कायदा शेकडा 30 कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड सांगतो. ज्या घराने तीन पिढ्यांत आपली हुंडी परत येऊ दिली नाही, त्या घराला हा व्यवहार शोभत नाही.

सवलती कायम राहत नाहीत, याचे मोठे उदाहरण मॉरिशसचे आहे. 1982 च्या करारान्वये मॉरिशसमधील गुंतवणूकदाराने भारतीय कंपनीचे शेअर विकून मिळविलेल्या नफ्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसकडे होता, आणि मॉरिशस तो कर घेत नसे. परदेशी भांडवलाचा मोठा ओघ त्या बेटावरून आपल्याकडे आला. सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली ही व्यवस्था वैध ठरविली. तरीही 2016 मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारताचा हक्क आला. न्यायालयात जिंकलेली सवलत दोन सरकारांच्या सह्यांनी गेली.

मग दुबईस जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. एखादा तरुण बायकामुलांसह तेथे खरोखर स्थायिक झाला, मोझांबिक-टांझानियाची तूर किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा मसूर स्वतः पारखून घेऊ लागला, आखातातील व इतर देशांतील गिऱ्हाइकास स्वतःच्या जोखमीवर विकू लागला, तर ती पेढी त्याची आणि तिची सवलतही त्याची. त्याच्यासारख्या अनिवासी मालकाला तेथे मिळालेल्या लाभांशावर येथे कर पडत नाही. मात्र 2020 च्या दुरुस्तीचा त्याला विसर पडू नये. ज्या भारतीय नागरिकाचे येथील उत्पन्न 15 लाखांहून अधिक आहे आणि जो इतर कोणत्याही देशात राहण्याच्या नात्याने करास पात्र नाही, तो येथील रहिवासी मानला जातो. आणि भारतातून चालविलेल्या परदेशी धंद्याचे उत्पन्न त्याच्याकडून करपात्र होते. येथील जुन्या पेढीत भागीदारी, भाडे, व्याज असलेल्या मुलांनी हा आकडा दरवर्षी पाहावा.

भांडवल पाठविताना बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी पाठवावे. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आणि परवान्यावर सही करण्यापूर्वी तो ज्या मुक्त क्षेत्राचा आहे ते ‘निर्दिष्ट क्षेत्र’ आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे, कारण सर्वच मुक्त क्षेत्रे तशी नाहीत. मध्यस्थ सांगतो तो खर्च बहुधा परवान्याचा व टेबलाच्या जागेचा असतो. लेखापरीक्षणाचा आणि तेथे नेमाव्या लागणाऱ्या माणसांच्या पगाराचा आकडा वेगळा मागून घ्यावा.